टाचणवहीतला नकाशा

हिंगोलीत माझा नेटकॅफे होता तेव्हा डोंगरकड्याकडचे एक मास्तर शनिवारी सकाळची शाळा सुटली की यायचे. नाव त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तलवारी-राक्षसांचा एक जुनाट गेम होता, तेवढाच ते खेळत. त्यात रस्ता कोणी दाखवत नसे. म्हणून मास्तर शाळेतल्या पाठांच्या टाचणवहीच्या मागच्या पानावर पट्टी लावून नकाशा काढायचे. लाइट जायच्या वेळेआधी खेळ सेव्ह करायला कधी विसरले नाहीत.

शेजारी पोरं नव्या गेममध्ये गाड्या उडवायची. एकदा मी वैतागून म्हणालो, "सर, ह्याची चित्रंसुद्धा धड दिसत नाहीत. काहून खेळता?"

पेन्सिल कानावर ठेवत ते म्हणाले, "हितं दहा लांडगे मारले की ताकद वाढतेच. कोणाच्या दारात उभं ऱ्हावं लागत न्हाई. तिकडं नऊ वर्षं बिनपगारी शिकवून राहिलो, हाय तिथंच हाय."



पुढे शाळेत त्यांच्या जागेवर संस्थाचालकाचा भाचा लागल्याचं कानावर आलं. मास्तर यायचे थांबले.

कॅफे बंद करताना मी तो गेम उघडून पाहिला. त्यांचा गडी शेवटच्या किल्ल्याच्या दरवाजात उभा होता. नावाच्या जागी त्यांनी नुसतं 'सर' लिहिलं होतं. पहारेकरी इंग्रजीत म्हणाला, "जा सर. आता तुम्हाला कोणी अडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटर भंगारवाला घेऊन गेला.