काळा थर

दुपारी विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागातल्या खुर्चीत डोळा लागतो न लागतो, तोच गुर्जर सर समोर बसलेले दिसतात. ते गेल्या आठवड्यात वारले. संध्याकाळी त्यांची शोकसभा आहे आणि त्यात मला बोलायचंय. ते चष्मा पुसत माझ्याकडे बघतात.

पीएच.डी.ला ते माझे गाइड होते. टायटेनियममध्ये सिरॅमिकचे केसाएवढे बारीक तंतू घालून आम्ही पट्ट्या बनवायचो. तंतूंवर कारखान्याचा डिंक येतो, तो आधी भट्टीत जाळायची आमची रीत. एका खेपेच्या तंतूंवर मात्र डिंक नव्हता, मुद्दाम दिलेला कार्बनचा काळा थर होता. सर म्हणाले जाळ, मी जाळला. पाहुण्यांसमोर पट्टी ओढली तर काचेसारखी तुटली. चूक कुणाची, तर सरांनी तिथल्या तिथे माझं नाव सांगितलं. माझी पीएच.डी. तिथेच संपली, आता याच विभागात मी यंत्रं सांभाळते.

सर भट्टीचं दार उघडतात. आत त्यांचं स्वयंपाकघर आहे. ते जेवायला बसतात. ताटात भाताऐवजी तंतू आहेत आणि ते चवीनं खातायत.

"सर, चूक तुमची होती. एवढं एकदा म्हणा."

"थर कशाला देतात गं, शाल्मली?"

तोंडी परीक्षेची सवय जात नाही. "धातूनं तंतू खाऊ नये म्हणून. आणि तडा आला तर तो थरातच वळावा, तंतूपर्यंत पोचू नये म्हणून."

"पाठ आहे की. त्या दिवशी तडा माझ्याकडे येत होता. मधे कोण होतं?"

आता ते इस्पितळातल्या खाटेवर आहेत आणि सलाइनची बाटली माझ्या हातात आहे. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, असं मी विचारते.

"तुटलेलं टोक पाहिल्याबरोबर. वाटलं, तरुण आहेस, सावरशील. सावरलीस?"

"नाही."

"मग अंदाज चुकला माझा." भातातला खडा बाजूला काढावा तसं ते म्हणतात. "सभेत चांगलं बोल. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये."

मला त्यांचा संताप येतो. त्याहून जास्त स्वतःचा, कारण तोंडातून "हो सर" निघून जातं. ते खूश होऊन माझा हात थोपटतात. अंगठ्यात काहीतरी टोचतं.

"मॅडम, चला," दारातून विभागाचे शिपाई भोईर हाक मारतात. "हार तुम्हीच घालायचाय."

मी जागी होते. अंगठ्यात एक तंतू रुतलाय, चकचकीत राखाडी, वर काळ्या थराचा मागमूस नाही. असे तंतू या विभागात कित्येक वर्षांत आलेले नाहीत. टेबलावर चिमटा आहे. तो मी उचलत नाही. माइक धरला की टोचत राहील, म्हणजे गोड बोलायचा मोह होणार नाही.