कपाटावरची आई

फाइलवाल्या बाईंना निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी कुणाच्या कागदाची मुदत संपत आली की अजून त्यांच्याच जिवाला घोर लागतो. शेजारणीचा पासपोर्ट, भाच्याचा गाडीचा परवाना, सगळ्यांच्या तारखा त्यांना तोंडपाठ. भाचा चिडवतो, "मावशी, तू माणसांची खुशाली विचारतेस की कागदांची?" बाई म्हणतात, "कागद धड असला की माणसाला कुणी अडवत नाही. तुला कळायचं नाही ते."

हे वेड त्यांना बालगृहाने लावलं. दुमजली इमारत, वर मुलं, खाली कार्यालय. परदेशातल्या जोडप्याने मूल दत्तक मागितलं की त्याची फाइल बाईंच्या टेबलावर यायची. तेव्हा टाइपरायटरचे दिवस होते. कागदांच्या मध्ये कार्बन घालून प्रती काढायच्या, आणि घरी गेलं तरी बोटं काळी ती काळीच. न्यायालयाचा आदेश, ना-हरकत दाखला, वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट, व्हिसा. यातला एक कागद हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असायची. सही मिळाली तर तपासणी शिळी, तपासणी नवी केली तर फोटो जुना, कारण मूल काही कागदासाठी थांबत नाही. सरकारी कचेरीतल्या खिडकीपलीकडचा कारकून फोटो उलटसुलट करून म्हणायचा, "हे ते मूल वाटत नाही." बाई ताडकन म्हणायच्या, "तेच आहे. तुम्ही फाइलवर बसून राहिलात, तोवर ते मोठं झालं."

असं बोलायची छाती फक्त बाईंची होती. आणि त्यापायी त्याच खिडकीवर पुन्हा खेटे घालायचे तेही त्यांनीच.

अशा सगळ्या फाइलींमध्ये सर्वांत जास्त रखडली ती गट्टूची. नाव कागदावर वेगळं होतं, पण अंगाने गुबगुबीत आणि बसली की जागची हलायची नाही, म्हणून सगळे तिला गट्टू म्हणायचे. तिला दत्तक मागणारं जोडपं दूर देशातलं होतं. तो शाळामास्तर, ती चष्म्याच्या दुकानात कामाला.

बालगृहाचा एक दंडक होता. तिथल्या कुणालाही मुलांनी आई म्हणायचं नाही. सांभाळणाऱ्या सगळ्या जणी मावशी, आणि बाई त्या बाई. आई हा शब्द न्यायला येणारीसाठी राखून ठेवायचा. जोडप्याचा फोटो आला की तो मुलाला रोज दाखवायचा, "ही आई, हे बाबा," म्हणजे न्यायला येणारी माणसं अगदीच परकी वाटत नाहीत.

वरच्या गोंगाटात गट्टूला दुपारची झोप यायची नाही, म्हणून तिची गादी खाली कार्यालयात, फाइलींच्या लोखंडी कपाटाशेजारी पडली. फोटो हातात दिला की ती तो चघळायची. एक कोपरा तिने फस्त केल्यावर बाईंनी तो कपाटाच्या दारावर उंच चिकटवून टाकला. झोपेतून उठली की तिला कडेवर घ्यायच्या, कपाटासमोर न्यायच्या आणि विचारायच्या, "आई कुठाय?" गट्टू हात लांब करून दार थोपटायची आणि म्हणायची, "आई." बाई खूश. पोरगी हुशार निघाली, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

खरं सांगायचं तर बाईंचा जीव तिच्यात गुंतला होता. लग्न राहून गेलेलं, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. स्वतःच अर्ज करावा तर वय उलटलेलं, आणि नियम त्यांच्याइतका ठाऊक कुणाला? तपासणीची मुदत पुन्हा संपली की त्या वरवर खात्याला लाखोली वाहायच्या आणि मनातून सुखावायच्या, पोरगी आणखी थोडे दिवस राहणार म्हणून. मग स्वतःचीच लाज वाटून दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आत रांगेत हजर.

अखेर सगळे कागद एका वेळी जिवंत असलेला दिवस उगवला. जोडपं आलं. मूल सोपवताना खात्याचा निरीक्षक हजर लागायचा. मूल पालकांकडे गेलं, असं त्याने लिहून दिलं तरच पुढचा रस्ता मोकळा. नाही गेलं, तर पुन्हा निरीक्षण, म्हणजे व्हिसा बुडाला आणि सगळं मुळापासून. ही दोघं आधी एकदा रिकाम्या हातांनी परत गेली होती. आता फिसकटलं तर पुन्हा यायचं बळ त्या चष्मेवालीत उरणार नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघूनच ते कळत होतं.

बालगृह चालवणाऱ्या ताईंनी गट्टूला कार्यालयाच्या दाराशी उभं केलं. "गट्टू, आई कुठाय?"

गट्टू तुरुतुरु निघाली. गुडघ्यांवर बसून हात पसरलेल्या चष्मेवालीला तिने वळसा घातला, थेट कपाट गाठलं, दाराला गाल लावला आणि म्हणाली, "आई."

बाईंनी कपाळाला हात लावला. इतके दिवस फोटो दाखवला आणि पोरीने कपाट पाठ केलं!

निरीक्षकाने पेन उघडलं. चष्मेवालीला भाषा कळत नव्हती, पण तिने वर चिकटवलेला स्वतःचा फोटो पाहिला. ती उठली, कपाटापाशी जाऊन जमिनीवर बसली आणि आपलाही गाल त्या थंड लोखंडाला लावला. गट्टूने तिच्याकडे टकमक पाहिलं. मग ओठ काढून ती बाईंकडे वळली आणि दोन्ही हात वर केले. कडेवर घे, याखेरीज त्याचा दुसरा अर्थ होत नाही.

निरीक्षकाने विचारलं, "बाई, हिला तुमचाच लळा दिसतो?"

"माझा? मला फाइलींतून डोकं वर काढायला वेळ कुठाय, साहेब. सगळ्यांकडे जाते ती."

एवढं बोलून बाईंनी पाठ फिरवली, टाइपरायटरमध्ये कागद सरकवला आणि हाताला येतील त्या कळा बडवायला सुरुवात केली. मागे गट्टूने भोकाड पसरलं. बाई बडवत राहिल्या. मग हुंदके, मग नुसतं नाक ओढणं, मग काहीच नाही. निरीक्षकाच्या सहीची कुरकुर ऐकू आली तेव्हाच त्या वळल्या. गट्टू चष्मेवालीच्या मांडीवर बसून तिच्या चष्म्याची दांडी ओढत होती.

निघताना बाई फाटकापर्यंत गेल्या. पोरीने जाताना रडू नये, म्हणून त्या आजवर राबल्या होत्या. आता मात्र त्यांना वाटत होतं, एकदा रडावं तिने. एकदा मागे बघून नुसतं "बाई" म्हणावं. गाडीचं दार लागलं तेव्हा त्यांनी काचेशी वाकून पाहिलं. गट्टू आईच्या खांद्यावर गाढ झोपली होती.