काकूंचा हेवा

गावात काही नवीन उघडलं की काकू चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायच्या, त्या नव्या गोष्टीकडे वरून खाली पाहायच्या आणि म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई. सगळं आयतं!"

गाव म्हणजे लेस्टर आणि नॉटिंगहॅमच्या मधलं, विद्यापीठामुळे दरवर्षी थोडं थोडं फुगत चाललेलं एक लहान शहर. दोन हजार साल उलटल्यावर माझ्या नवऱ्याला तिथल्या नव्या सायन्स पार्कमध्ये नोकरी लागली आणि आम्ही काकूंच्या रस्त्यावर राहायला आलो. काकू सत्तरच्या दशकात आलेल्या. तेव्हा गावात दुसरं मराठी माणूस नव्हतं. इथे डॉक्टरांच्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात. अशाच एका सर्जरीत त्यांनी रिसेप्शनिस्ट म्हणून सगळी नोकरी केली, तिथूनच रिटायर झाल्या. नवरा वारलेला, एकुलती मुलगी लग्न होऊन लंडनजवळ मेडनहेडला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खस्ता त्यांनी खाल्लेल्या असतात आणि रस्ता नेमका ते थकल्यावर डांबरी होतो.

सुपरमार्केटमध्ये पहिल्यांदा कोथिंबीर आली त्या दिवशी मी काकूंबरोबर होते. त्या ट्रॉली धरून तिच्यासमोर उभ्याच राहिल्या.

"एका जुडीसाठी मी बसने लेस्टरला जायचे. बेलग्रेव्ह रोडच्या गुजराती दुकानांत. पोर कडेवर, पायाखाली बर्फ. आणि आता पाहा, केळ्यांच्या शेजारी कशी लोळतेय."

"मग घ्या की, काकू."

"मी नाही घेणार."

आणि नाहीच घेतली. शनिवारी बसने लेस्टरला जाऊन तिथली जुडी घेऊन आल्या.

त्यांच्या हेव्याला काही वर्ज्य नव्हतं. स्टेशनजवळच्या नव्या सर्जरीच्या सरकत्या दारांचा त्यांना हेवा वाटे. नव्या फ्लॅट्समधल्या कोरड्या भिंतींचा वाटे. आमच्या पोस्टमनने पहिल्याच आठवड्यात मला "मॉर्निंग, डक!" म्हटलं, त्याचाही वाटला. इकडच्या लोकांची ती मायेची हाक आहे. काकू दुखावल्यासारख्या म्हणाल्या, "मला बदक व्हायला किती वर्षं लागली ठाऊक आहे? तुला आल्या आल्या!"

खरं तर हेवा मला त्यांचा वाटायचा. त्यांच्याबरोबर बाजारात निघालं की दहा पावलं चालणं मुश्कील. खाटीक दुकानाबाहेर येऊन गुडघ्याचं सांगायचा, चर्चमधल्या म्हाताऱ्या थांबवून नातवंडांचे फोटो दाखवायच्या. मी शेजारी पिशवी धरून उभी. त्या गावात मला नावाने ओळखणारा एक डेंटिस्ट तेवढा होता.

नवा मराठी विद्यार्थी आला की पूर्वी विद्यापीठातून काकूंनाच फोन यायचा. त्या त्याला जेवायला बोलवायच्या, चॅरिटी शॉपमधून वापरलेला चांगला कोट घेऊन द्यायच्या. मग अशी पोरं भराभर येऊ लागली, त्यांचे ईमेल ग्रुप झाले, ती एकमेकांनाच स्टेशनवर आणायला जाऊ लागली. काकूंचा फोन वाजेनासा झाला. म्हणून अनघा आली तेव्हा त्यांनी तिला घट्ट धरलं.

अनघा नागपूरची, पीएचडी करणारी. नवरा नॉटिंगहॅमला नोकरीला, पहाटे जाणार, सातला येणार. तिला दिवस गेले आणि तिच्या आईचा व्हिसा नाकारला गेला. अनघा काकूंच्या किचनमध्ये बसून रडली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रडतेस काय? मी आहे ना! तुझं बाळंतपण मी करीन."

त्यानंतर काकू दहा वर्षांनी लहान दिसू लागल्या. लेस्टरहून डिंक, खारीक, अळीव आलं. जुनी सुती नऊवारी फाडून दुपटी शिवली. एका दुपारी लाडू वळता वळता त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझ्या वेळी आई येऊ शकली नाही गं. हॉस्पिटलमध्ये मला गार टोस्ट दिला. तो हातात धरून मी बसून राहिले. आणि माझ्या मुलीच्या वेळी मी निघाले, तर ती म्हणते, मम, डोंट वरी, वुई आर सॉर्टेड. सगळी सोय झालीय म्हणे. वीकेंडला ये." त्यांनी लाडू जरा जोरातच दाबला. तो फुटला.

पण दुसऱ्यांदा केलेला अर्ज मंजूर झाला. बाळंतपणाच्या आधीच अनघाची आई विमानात बसली. मी ही बातमी सांगायला गेले, तर काकूंनी चष्मा खाली ओढला. "बरंय की! आयती आई मिळाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सगळे लाडू शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याला देऊन टाकले. त्याला वाटलं नाश्त्याचं आहे. त्याने ते दुधात भिजवून खाल्ले आणि फारच उत्तम म्हणून सगळ्या रस्त्याला सांगितलं.

अनघाला मुलगी झाली. काकू पाहायला गेल्या नाहीत. "सर्दी आहे" म्हणाल्या. पुढच्या आठवड्यातही सर्दीच होती.

मी मात्र जात होते, आणि तिकडचं काही मला बरं दिसत नव्हतं. अनघा खिडकीकडे तोंड करून बसायची. बाळ रडलं तरी वळायची नाही. नवऱ्याला वाटे, झोप कमी पडतेय. आई बिचारी शेक देत होती, मीठमोहऱ्या ओवाळत होती. बाळ-बाळंतिणीला पाहायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर नर्सचं इंग्रजी तिला कळत नव्हतं, आणि अनघा त्या नर्सला हसून "आयम फाइन" सांगून वाटेला लावायची. एकदा आईने मला दाराशी गाठलं. "हिले काय झालं मले समजूनच नाही राहिलं. पोरीले जवळच नाही घेत जी."

मी तडक काकूंकडे गेले. त्या टीव्हीसमोर होत्या.

"तिची आई आहे ना तिथे!" त्या म्हणाल्या.

"आई आहे म्हणूनच ती बोलत नाहीये, काकू. आई घाबरेल म्हणून. तुम्ही चला."

काकू उठल्या. टीव्ही बंद केला, कोट घातला, बटणं चुकीची लावली आणि माझ्यापुढे चालू लागल्या.

अनघाशेजारी त्या नुसत्या बसल्या. बाळाकडे पाहिलंही नाही. बऱ्याच वेळाने अनघा खिडकीकडे पाहतच म्हणाली, "काकू, मला हिच्याबद्दल काहीच वाटत नाही. मी कुठेतरी निघून जावं असं वाटतं. परत येऊच नये."

काकूंनी तिचा हात हातात घेतला. "मलाही वाटलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. तू सांगितलंस, फार चांगलं केलंस. हा आजार आहे बाळा, आणि याला औषध आहे."

मग त्यांनी आपल्या जुन्या सर्जरीला फोन लावला. पलीकडची मुलगी सांगत होती, आठवडाभर अपॉइंटमेंट नाही. गावातल्या निम्म्या लोकांना वर्षानुवर्षं हेच वाक्य ऐकवलेल्या काकू शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, "हे बघ डक, तू ज्या खुर्चीत बसलीयस तिथे मी तू जन्मायच्या आधीपासून बसत होते. आजच्यासाठी राखून ठेवलेली जागा असते, ती मला दे. नाहीतर मी हिला घेऊन तिथे येते आणि डॉक्टर भेटेपर्यंत तुझ्यासमोर उभी राहते."

दुपारी डॉक्टरांनी अनघाला पाहिलं. औषध सुरू झालं, बोलायला एक नर्स येऊ लागली. लगेच काही बदललं नाही. पण काकू रोज जाऊ लागल्या. सकाळी अनघाला हाताला धरून कालव्यापर्यंत चालवून आणायच्या. तोवर तिची आई बाळाला न्हाऊ घालायची. दोघी बायकांचं एकमेकींशी क्षणभर पटत नसे. काकूंनी खोलीत शेगडी ठेवू दिली नाही म्हणून आई रुसायची. बाळ त्या आजीच्या हातात गेलं की गप्प व्हायचं म्हणून काकू रुसायच्या. "रक्त ओळखतं हो," म्हणत ओठ मुडपायच्या.

एक दिवस मी तिथे असताना काकू आणि अनघा फिरून परतल्या. बाळ रडत होतं. आई उठायच्या आत अनघाने कोटसकट वाकून बाळाला उचललं, खांद्याला लावलं आणि पुटपुटली, "आले गं, आले." काकू दारातच थांबल्या. आत आल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "चल, आपलं काम नाही आता इथे." रस्ताभर नाक पुसत होत्या. या खेपेला सर्दीचं नाव काढलं नाही.

व्हिसा संपला तशी आई नागपूरला परतली. वर्षभराने अनघाला ग्लासगोला काम मिळालं आणि तेही कुटुंब गेलं. काकूंचं हृदय त्याच हिवाळ्यात थकलं. मुलगी त्यांना मेडनहेडला घेऊन गेली. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "इथे मला कुणी ओळखत नाही. तुमचं बरंय, तुम्ही माझ्या गावात राहता." वसंत उजाडायच्या आत त्या गेल्या.

अनघाने कळवलं असावं. चार दिवसांनी नागपूरहून तिच्या आईचा मला फोन आला. बराच वेळ ती रडलीच. मग म्हणाली, "आता सांगायले हरकत नाही. मले ताईंचा, तुमच्या काकूंचा, लय हेवा वाटे. पोटची पोरगी, पण बोलली त्यांच्यापाशी. मी किचनमध्ये उभी राहून सारं ऐकलं होतं. रात्रभर जळत होती मी. वाटे, त्यांच्यासारखं मले काहून नाही जमलं?"

काकूंचा हेवा! जन्मभर जगाचा हेवा करणाऱ्या त्या बाईचा कुणीतरी असा रात्रभर जागून हेवा केला होता, आणि ते तिला कधी कळलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि मी कोटही न घालता घराबाहेर पडले. काकूंना हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, एवढंच डोक्यात होतं. त्यांचं फाटक उघडलं, बेल वाजवली. आतून मोठ्याने लावलेलं संगीत ऐकू आलं तेव्हा भानावर आले. काकू मेडनहेडला गेल्यावर त्यांच्या मुलीने घर विद्यार्थ्यांना भाड्याने दिलं होतं.

दार उघडलं. एक ओल्या केसांची मुलगी टॉवेल गुंडाळून उभी होती. "हाय! कोण हवंय तुम्हाला?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी तिच्या मागच्या पॅसेजकडे पाहत राहिले. ती माझ्या उत्तराची वाट पाहत दार धरून उभी राहिली.