आमटीची बादली

नव्वदीच्या दशकात भवानीनगरजवळच्या आमच्या गावात हरिनाम सप्ताह असे. शेवटच्या दिवशी आमचे नेते 'खरा नेता हा सेवकच' यावर तासभर बोलत आणि सेवकाला शोभेलशा चपळाईनं पहिल्या पंगतीत बसत.

एकदा जेवून हात धुतल्यावर त्यांनी फोटोसाठी वाढप्याची बादली मागितली. वाढपी परगावचा, धोतर खोचलेला, कोपरापर्यंत आमटीनं माखलेला. बादली न सोडता तो हसून म्हणाला, "सायेब, हितं वाढणारा शेवटी जेवतो. तुमी तर जिवून उठलाय."

कुणीतरी घाईनं दुसरी बादली आणून दिली.

शेवटच्या पंगतीत तो माझ्या शेजारी बसला, तेव्हा आमटी संपली होती. मीठ-भात कालवून समाधानानं जेवला.

नेत्यांचा फोटो अजून ग्रामपंचायतीत आहे. बादली रिकामी होती, हे फोटोत कळत नाही.