शिक्क्यासाठी बंद केलेली गुहा

लोक फुलांची टपाल तिकिटं जमवतात, इंजिनांची जमवतात. मी गुहांची आणि वटवाघळांची जमवते. माझी जाऊ एकदा अल्बम चाळून म्हणाली, "शी, घरात कशाला ही अवदसा?" आणि लगेच हात धुऊन आली. हात आधी धुतले असते तर जास्त बरं झालं असतं, कारण ती चकली खात होती.

आमचं तिकीटसंग्राहकांचं मंडळ चामराजपेटेत एका माडीवर दर महिन्याला भरतं. निम्मे माझ्यासारखे पुण्याकडून सरकारी कारखान्यांत नोकरीला आलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले, निम्मे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलेच. अध्यक्ष त्या जुन्यांपैकी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि वर भला माणूस म्हणतात. मीही म्हणत असे.

देवनहळ्ळीच्या पलीकडची गुहा अण्णांनीच मला दाखवली होती. त्यांच्या मेव्हण्याच्या शेताला लागून मोठमोठ्या धोंड्यांखाली ती होती आणि तिच्यात किडे खाणारी इवलीशी वटवाघळं राहत. तिन्हीसांजेला ती बाहेर पडत, तेव्हा मी समोरच्या दगडावर बसून मान दुखेपर्यंत बघायची. जन्मभर जे तिकिटांवर चिमट्याने उचललं ते इथे डोक्यावरून जात होतं. माझं त्या जिवांवर प्रेम होतं. नवऱ्याच्या देखत सांगितलं नसतं, पण होतं.

शेजारच्या माळावर प्लॉट पडले आणि गुहेत पोरं बिअर प्यायला येऊ लागली, शेकोट्या पेटवू लागली. मंडळाने ठरवलं, गुहा वाचवायची. तोंडाला दार बसवायचं आणि त्या दिवसाची आठवण म्हणून संग्राहकांसाठी खास लिफाफा छापायचा. खरं सांगायचं तर लिफाफा आधी ठरला, दार मागून.

माझ्याकडच्या एका परदेशी तिकिटावर असं दार आहे. त्याला आडव्या सळ्या आहेत आणि सळ्यांमधून वटवाघळं सरळ उडताना दिसतात. मी ते तिकीट भिंगासकट अण्णांपुढे ठेवलं.

"छान आहे हो," अण्णा म्हणाले. "पण सळ्यांतून बाटल्या आत टाकतील की, अक्का. जाळी बरी."

जाळी आली ती कोंबड्यांच्या खुराड्याची. धोंड्यांमधल्या फटीही सिमेंटने बुजवल्या. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. मी फारच भांडले तेव्हा तोड निघाली, की शेताचा रखवालदार रोज संध्याकाळी दार उघडेल आणि उजाडल्यावर लावेल. चावी समारंभानंतर अण्णा त्याला देणार होते.

आता आमच्यातला नियम. ज्या प्रसंगाचा लिफाफा, त्याच गावचा आणि त्याच तारखेचा शिक्का त्यावर हवा. गावातलं टपाल कार्यालय दुपारी बंद होतं, म्हणून दार सकाळी लावायचं ठरलं. वटवाघळं सकाळी कुठे असतात, हे मला या माणसांना समजावून सांगावं लागलं.

"ती बाहेर गेल्यावर रात्री लावा, फोटो काढा आणि लगेच उघडा," मी म्हटलं.

"मग शिक्का दुसऱ्या दिवसाचा येईल!" खजिनदार ओरडले. "प्रदर्शनात परीक्षक बाद करतील."

ऐन उन्हाळ्यात एका बुधवारी सकाळी दार लागलं. कुलपाला लाल रिबीन बांधली, गाठीवर लाखेची मोहोर उठवली, फोटो झाले. मग सगळी मंडळी लिफाफे घेऊन टपाल कार्यालयाकडे पळाली. मी अण्णांना गाठून म्हटलं, "आज दिवेलागणीला उघडाल ना?"

"उघडतो की."

रात्री मी फोन केला. "उघडलं, अक्का," ते म्हणाले. "सगळी उडाली. काय दृश्य होतं म्हणता!" मी निवांत झोपले. त्या झोपेची मला अजून चीड येते.

रविवारी संध्याकाळी मी गेले. रिबीन जशीच्या तशी होती, मोहोरेला तडासुद्धा नव्हता. वटवाघळं जाळीला आतून लटकलेली होती, अंगठ्यांच्या नख्या भोकांत अडकलेल्या. काहींच्या छातीशी पिल्लं होती. वास रस्त्यापर्यंत येत होता. रखवालदाराला चावी मिळालीच नव्हती. त्याने पहार आणून कुलूप तोडलं आणि आम्ही दार सताड उघडून अंधार पडेपर्यंत थांबलो. बाहेर काहीच आलं नाही.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. सगळं ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सील तोडलंत?" मग म्हणाले, पेपरवाला रविवारी फोटोला येणार होता, तो उद्या येतो म्हणाला. रिबीन निघालेली असली तर तो फोटो कशाचा घेणार? "दोन-चार दिवसांत काय होतंय असं वाटलं हो. तुम्हाला उगाच घोर नको, म्हणून उघडलं म्हटलं." मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या तोंडात आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं.

पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पिल्लांचंही सांगितलं. अण्णा समोरच बसले होते आणि चष्मा पुसत होते. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, लाजले. आता कुणीतरी म्हणेल की सिमेंट फोडू या, जाळी काढू या, कदाचित दुसरीकडची येऊन राहतील.

मागच्या रांगेतून खजिनदारांनी विचारलं, "म्हणजे आता तिथे एकही नाही?"

"एकही नाही."

"मग हा लिफाफा पुन्हा निघणं शक्य नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे दोन जास्तीचे आहेत. स्वच्छ शिक्का, तारीख अगदी स्पष्ट. कुणाला हवेत?"

सभागृहभर हात वर झाले. सगळ्यांत आधी अण्णांचा झाला.