तगरीवरचा कळप

आई गेल्यावर आबांनी धावडा गावची मेंढरं विकली आणि ते जालन्याला माझ्या फ्लॅटवर राहायला आले. गुडघे साथ देत नव्हते, म्हणून रानात हिंडणं बंदच झालं होतं. सकाळी मी बँकेत जाताना ते गॅलरीत खुर्चीवर असायचे, संध्याकाळी परत येताना तिथेच. काही विचारलं की "बराबर हाय, बाई," एवढंच उत्तर. जेवणही माझ्या समाधानासाठी दोन घास.

एका रविवारी आंघोळ करून बाहेर आले तर खुर्ची रिकामी. खालून चढ्या आवाजातलं बोलणं ऐकू येत होतं. मी घाईघाईनं जिना उतरले. तळमजल्यावरच्या काकू फवारणीचा पंप घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या तगरीच्या झाडासमोर, हात आडवे करून, माझे आबा.

"माझी देवपूजेची फुलं आहेत ही," काकू म्हणत होत्या. "अळ्यांनी झाड बोडकं केलंय. बघा तरी!"

झाडावर बोटाएवढ्या पोपटी अळ्या होत्या. शेपटाकडे पिवळं शिंग, आणि डोक्यामागे दोन निळे ठिपके, डोळे वटारल्यासारखे.

"ताई, फवारू नका. मी हातानं येचतो समद्या. एक बी ठिवत न्हाई."

"आणि वेचून काय करणार?"

आबांनी एक अळी अलगद बोटावर घेतली. "पाळतो," म्हणाले.

काकूंना हसू आलं. त्यांनी पंप खाली ठेवला. "आठ दिवसांत पानं दिसली पाहिजेत मला," त्यांनी बजावलं. मला मात्र शिसारी आली होती. आबांनी एकेक अळी फांदीसकट तोडून पिशवीत घातली, तेव्हा मी चार हात लांब उभी होते.

घरात मिक्सरचा रिकामा खोका होता. त्याच्या तोंडाला माझी जुनी ओढणी बांधली आणि कळपाचा वाडा तयार झाला. पहिल्या दिवशी मी शहाणपणा करून पालक टाकला. अळ्यांनी तोंडही लावलं नाही. मेथी टाकली, तीही तशीच पडून राहिली.

"शेरडं कायबी खात्यात," आबा वैतागून म्हणाले. "ही लई नखऱ्याची जात हाय."

मी मोबाइलवर शोधलं. हॉक मॉथ नावाच्या मोठ्या पतंगाच्या अळ्या होत्या त्या. तगर नाहीतर कण्हेर, यापलीकडे फारसं काही त्यांना चालत नव्हतं. तगर तर काकूंची. कण्हेर होती कॉलनीबाहेर, मोठ्या रस्त्याच्या कडेला. दुसऱ्या दिवसापासून आबा रोज सकाळी कण्हेरीचा पाला आणायला जाऊ लागले. आधी जिन्यात दोनदा टेकायचे, मग एकदा, मग टेकणंच विसरले. कण्हेर विषारी, म्हणून मी त्यांना परत आल्यावर साबणानं हात धुवायला लावायचे. तेही लहान मुलासारखे दोन्ही तळवे पुढे करून दाखवायचे.

पाऊस पडून गेल्यावर एकदा ओलाच पाला घातला गेला. संध्याकाळी खोक्यात पातळ घाण, आणि एक अळी मरून पडलेली. आबा कितीतरी वेळ खोक्यात बघत बसले. "मेंढरालाबी वलं गवत बाधतं. मला कळाया पायजे व्हतं," म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक पान फडक्यानं पुसूनच आत जाऊ लागलं. रोज लेंड्या झाडायच्या, सुकलेला पाला काढायचा. मी बँकेतून आले की चप्पल काढायच्या आत मला दिवसभराची हकिकत मिळायची. ज्या घरात "बराबर हाय"च्या पुढे शब्द नव्हता, तिथं आता मला स्वयंपाकाला उशीर व्हायला लागला.

एकदा एका अळीनं खाणं सोडलं. डोकं आत ओढून ती ढिम्म बसली. मला वाटलं, संपली ही.

"हात लावू नको," आबा म्हणाले. "मेंढरावानी लोकर कातरणीला आली आसंल."

दुसऱ्या दिवशी जुनी कातडी मागे टाकून ती नवीकोरी पोपटी होऊन पाला ओरबाडत होती. आबांनी मांडीवर थाप मारली. मी हात पुढे केला, आणि त्यांनी ती माझ्या तळव्यावर ठेवली. गार, मऊ, आणि पकड अशी की सोडवेना. माझी भीती त्या दिवशी गेली.

पुढे अळ्या तपकिरी पडून खोक्यात सैरभैर फिरू लागल्या, तेव्हा घाबरायची पाळी आबांची होती. "रोग पडला बाई, रोग पडला!"

"रोग नाही आबा, त्या कोशात चालल्यात. माती लागेल, वाळका पाला लागेल."

त्यांनी माती चाळून आणली. अळ्या पाचोळ्याखाली शिरल्या, आणि काही दिवसांत तिथं नुसते बदामी कोश राहिले.

"आता चारा न्हाई, पानी न्हाई. मंग मी करू काय?"

"माती फार वाळू द्यायची नाही. आणि हात लावायचा नाही."

हे काम त्यांना सगळ्यात अवघड गेलं.

पंधरवड्यानंतर एका दिवेलागणीला ओढणीखाली खडबड झाली. मी काकूंनाही वर बोलावलं. कोश फोडून एक पतंग बाहेर आला होता, अंग ओलं, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. तो खोक्याच्या गुळगुळीत भिंतीवर चढायचा आणि घसरून पडायचा. पुन्हा चढायचा, पुन्हा पडायचा.

"उलटं लटकल्याशिवाय पंख उघडत नाहीत," मी म्हणाले. "असेच वाळले तर हा कधीच उडणार नाही."

आबा उठले. त्यांनी ट्रंकेतून आपलं काळं घोंगडं काढलं, खुर्चीच्या पाठीवर पसरलं आणि पतंगाला बोटावर घेऊन त्या खरखरीत लोकरीला लावलं. त्याचे पाय लोकरीत रुतले. तो सरसर वर गेला आणि काठाला लटकून राहिला. आम्ही तिघं जमिनीवर बसून बघत होतो. पंख हळूहळू खाली उतरत गेले, फुगले, ताणले. काळ्या घोंगड्यावर हिरवी, गुलाबी, पांढरी नक्षी उमटली. काकूंनी नकळत हात जोडले.

"जगलं!" आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

मागोमाग दुसरे निघाले. एकूण एक घोंगड्यावर चढला. दुसऱ्या दिवशी ते दिवसभर तिथंच झोपले होते. मी बँकेतून लवकर आले. अंधारून यायला लागलं तसे सगळे पंख थरथरायला लागले.

"थंडी वाजून राह्यली का त्येंला?"

"नाही, अंग तापवतायत. उडायच्या आधी."

पहिला सुटला तो बाणासारखा. बाकीचे त्याच्यामागे गॅलरीतून खाली, कंपाउंडच्या भिंतीवरच्या मधुमालतीकडे. तिथं ते हवेत एका जागी थांबले, लांब सोंड फुलाच्या नळीत घालून मध प्यायले, लगेच पुढच्या फुलावर. खाली काकू अंगणात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या.

आबा कठड्याला धरून ताठ उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला आणि माळावर मेंढरांना घालायचे तशी खणखणीत हाळी त्यांनी दिली. समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या एकेक करून उघडल्या. कुणीतरी ओरडून विचारलं, "काय झालं हो?"

"आमची उडाली!" आबांनी ओरडून सांगितलं. "समदीच्या समदी उडाली!"