डेटा परत येते

बायको रुख्मिणी गेली आणि पुंजारामनं परतवाड्याचं भाजीचं वावर मक्त्यानं देऊन टाकलं. पोरगा गजेंद्र त्याला अकोल्याला, जठारपेठेतल्या आपल्या घरी घेऊन आला. तिथं त्याला करायला काही नव्हतं. होता तो फोन, अन् फोनात रुख्मिणीचा आवाज. दोघांनाही टाईप कुठं येत होतं! बाजारात भाजी घेऊन बसल्या बसल्या ती मेसेज बोलून धाडायची. "आयकून राहिले काय? हिरवा सांभार संपला, वावरातून कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन या. अन् जेवले काय, का तसेच बसले?" रोज चहा झाला की पुंजाराम गॅलरीत बसून हे ऐकायचा. वर उत्तरही द्यायचा, "जेवलो वं, जेवलो."

सासऱ्याचं मन रमावं म्हणून सून हर्षानं त्याला नेट शिकवायला घेतलं. राउटर म्हणजे भिंतीवरची ती डबी, घरभर नेट वाटणारी.

"म्हंजे पाटाच्या तोंडाशी उभं राहून वाफ्यावाफ्यात पानी सोडनारा गडी."

हर्षा हसली. पासवर्ड म्हणजे फाटकाचं कुलूप. सर्वर म्हणजे दूर कुठंतरी ठेवलेला मोठा कॉम्प्युटर, मागितलेलं तिथून येते.

"अन् डेटा?"

"वायफाय नसलं तरी नेट चालते ना, ते डेटावर. रोजचा ठरलेला रायते. संपला तरी घाबरू नका मामाजी, दुसऱ्या दिवशी परत येते."

"लाइटीच्या लाइनीसारखंच हाय मंग. गेली, आली."

एका दुपारी फोन अडला. रुख्मिणीचा आवाज लागेना. पडद्यावर आलं, जागा भरली. घरी कोणी नव्हतं. पुंजाराम इकडं दाब, तिकडं दाब करत गेला, तर फोननंच विचारलं: सर्व डेटा साफ करायचा?

उद्या येतेच, म्हणत त्यानं 'ठीक आहे' दाबलं.

संध्याकाळी तो निवांत जेवून झोपला. सकाळी चहा तसाच ठेवून हर्षाजवळ गेला. "डेटा तं आला ना वं आज? मंग तुही सासू कावून बोलत नाही?"

हर्षानं फोन घेऊन इकडून तिकडून शोधून पाहिलं. "मामाजी, हा डेटा तो नोहे. हे तर आतलं सारं सामान होतं... बॅकअप घेतला होता काय?"

"ते काय असते?"

हा एक शब्द शिकवायचा राहून गेला होता. "तेच सामान दुसऱ्या जाग्यावरही ठेवून देनं," ती हळूच म्हणाली.

"आईच्या फोनात असन ना!" गजेंद्र आतून ओरडला, अन् बाहेर येता येता दारातच थांबला. तो फोन दुकानात बदल्यात देऊनच तर त्यानं स्वतःसाठी नवा घेतला होता.

पुंजाराम गॅलरीत जाऊन बसला. फोन हातात, आजचा डेटा पूर्ण. बऱ्याच वेळानं हर्षानं आतून जेवायला हाक मारली.

"जेवलो वं," तो म्हणाला. ताट तसंच झाकलेलं होतं.